दोन्ही सारख्याच

“दोन घे,” आई म्हणाली. “एक मला, आणि एक मेजर दळव्यांना वास द्यायला.”

मी तिच्या कपाटातल्या पत्र्याच्या डब्यातून दोन सिगार काढून तिच्या काळ्या पर्समध्ये ठेवल्या. तमिळनाडूतल्या दिंडीगलच्या, साध्या, स्वस्त, तपकिरी कागदात गुंडाळून येणाऱ्या. ती आरशासमोर उभी राहून इरकलीचा पदर खांद्यावर टाचत होती. माझी आई, मंदाकिनी काकतकर, मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, दर रविवारी दुपारी कार्लटन जिमखान्याच्या व्हरांड्यात बसून एक सिगार ओढायची. घरात ती अण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, सोबतीनं कित्येक वर्षं ओढत आली होती. चारचौघांत ओढायला लागली ती अण्णा गेल्यावर. बेळगावभर बातमी व्हायला एक आठवडा पुरला.

“आज तरी बोलणार आहेस का त्यांच्याशी?” मी विचारलं.

“आज तेच बोलणार आहे. वर्ष संपत आलं.”

वर्ष म्हणजे अण्णांचं. सभासद गेला की त्याच्या बायकोला वर्षभर त्याच्याच नंबरावर जिमखान्यात येता यायचं. नंतर ती पाहुणी. कुणी बोलावलं तर यायचं, नाहीतर नाही. आईला ते मान्य नव्हतं. तिला स्वतःच्या नावानं सभासद व्हायचं होतं. बायकांना घेऊ नये असं नियमात कुठंही नव्हतं. आजवर कुणी मागितलं नव्हतं, इतकंच. अर्जावर दोन सभासदांच्या सह्या लागत. एक सही अण्णांचे मित्र डॉक्टर हेरेकर यांनी केव्हाच केली होती. दुसरी कुणी करेना, कारण मेजर दळवी सेक्रेटरी होते आणि मेजर दळव्यांनी अजून मान हलवली नव्हती.

“आणि नाहीच केली सही तर?”

“तर फाटकाबाहेर खुर्ची टाकून ओढीन. रस्ता नगरपालिकेचा आहे.”

मी तेव्हा धारवाडला कॉलेजात शिकवत होते आणि महिन्यातून एकदा घरी यायचे. सोमवारी सकाळची बस होती. आईबरोबर मी जिमखान्यात फारशी जात नसे, पण त्या दिवशी गेले.

जानेवारी होता. व्हरांड्यात उन्हाची एक पट्टी आली होती आणि म्हातारी मंडळी खुर्च्या सरकवत सरकवत तिच्या मागे जात होती. आई अण्णांच्या नेहमीच्या वेताच्या खुर्चीत बसली. समोर भिंतीला सभासदांच्या नावांचा फळा होता आणि शेजारी काचेचं कपाट. त्यात टेनिसचे कप, बिलियर्ड्सची ढाल आणि अण्णांची सिगारची पेटी. देवदाराच्या लाकडाची, झाकणावर रंगीत चित्र असलेली. अण्णा गेल्यावर डॉक्टर हेरेकरांनी ती जिमखान्यासाठी मागून घेतली होती. आत सात सिगार उरल्या होत्या. वकील रघुवीर काकतकरांच्या नावाजलेल्या क्युबन हाव्हाना.

आईनं आपली सिगार पेटवली. मेजर दळवी पत्त्यांच्या टेबलावरून उठून आमच्याकडे आले. उंच, ताठ, मिशा अजून काळ्या केलेल्या.

“वहिनी, आलात? छान. वैजयंती, कसं काय तुझं धारवाड?” एवढं बोलून ते समोर बसले आणि हातानं धूर बाजूला सारू लागले. “एक विचारू का? रागावणार नसाल तर.”

“रागावले तरी तुम्ही विचारणारच की.”

“रघुवीररावांची हाव्हाना कुठं आणि हे तुमचं दिंडीगल कुठं! तुम्हाला खरंच फरक कळतो, की आम्हाला चिडवायला म्हणून ओढता?”

“तुम्हाला चिडवायला इतका खर्च कशाला? पत्त्यांत हरवलं तरी पुरतं.”

शेजारच्या टेबलावरचे दोघं-तिघं हसले. डॉक्टर हेरेकरही हसले; ते कोपऱ्यात शाल पांघरून बसले होते. मेजर हसले नाहीत, पण त्यांना मजा वाटत होती हे दिसत होतं.

“नाही, पण सांगतो तुम्हाला. रघुवीरराव म्हणजे जातिवंत माणूस. आठवतं ना, सिगार पेटवण्याआधी तिच्याभोवतीचं सोनेरी कागदी कडं अलगद काढून जाकिटाच्या खिशात ठेवायचे? मी एकदा विचारलं, वकीलसाहेब, हे का? तर म्हणाले, ब्रँड मिरवणं हे सभ्य माणसाचं लक्षण नव्हे. तेव्हापासून मीसुद्धा काढतो.”

“मी बघितलंय तुम्हाला काढताना,” आई म्हणाली.

“तर माझं म्हणणं असं की हे बायकांचं काम नाही, असं मी म्हणत नाही हं. पण हे नाकाचं काम आहे, जिभेचं काम आहे. वर्षानुवर्षांची सवय लागते.”

“मेजरसाहेब, अर्जाचं बोला.”

मेजरांनी पाय लांब केले. मागे वळून टेबलावरच्या मंडळींकडे एकदा पाहिलं. सगळे ऐकत होते.

“बोलू या की. पण आपण एक गंमत करू. तुमच्या पर्समधली एक सिगार आणि त्या पेटीतली एक. डोळे बांधायचे. ओढायची. महाग कोणती ते सांगायचं.”

“दळवी,” डॉक्टर हेरेकर म्हणाले, “ती पेटी राहू दे. आठवण आहे ती.”

“डॉक्टर, सिगार ओढायला असते की पूजा करायला?”

“होऊन जाऊ दे!” टेबलावरून कुणीतरी म्हणालं.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी पेटीकडे पाहत होते.

“अट नीट सांगा,” ती म्हणाली. “प्रश्न आधी नीट घालावा, म्हणजे उत्तरावर भांडण होत नाही.”

“सोपी आहे. बरोबर सांगितलंत तर आत्ता, इथं, अर्जावर दुसरी सही माझी. चुकलात तर अर्जाचा विषय संपला. मग तुम्ही आमच्या पाहुण्या. केव्हाही या, लिंबू सरबत माझ्याकडून.”

“तुमची परीक्षा कधी घेतली होती सभासद करताना?”

“आमचं काय, आम्ही पडलो पुरुष,” मेजर म्हणाले, आणि सगळे मोठ्यांदा हसले.

मला वाटलं आई उठेल. ती उठली नाही. हातातली सिगार तिनं शांतपणे विझवली, एक ग्लास पाणी मागवून प्यायली, आणि म्हणाली, “चला.”

मेजरांनी आपला घडी घातलेला रुमाल पुढे केला.

“नको. अत्तराचा वास मारतोय त्याला. परीक्षा सिगारची आहे ना? वैजू, तुझी ओढणी दे.”

मी तिचे डोळे बांधले. मेजरांनी कपाट उघडून पेटी आणली आणि माझ्यापुढे धरली. “तूच काढ कडं. लहानपणी तूच काढून द्यायचीस म्हणे. वकीलसाहेब कौतुकानं सांगायचे.”

मी एक सिगार उचलली. कडं सैल होतं. बोटाला जेमतेम लागताच सरकून आलं. मी ते पेटीत टाकलं आणि सिगार मेजरांना दिली. आईच्या पर्समधली दुसरीही दिली. आता दोन्ही सिगार त्यांच्या हातात होत्या, आणि खरं सांगायचं तर दिसायला अगदी जुळ्या होत्या. मेजरांनी पेटीतली आधी पेटवायला घेतली. त्यांच्या चेहऱ्यावर देवळातल्यासारखा भाव होता.

आईनं पहिला झुरका घेतला. धूर तोंडात धरला, सोडला. दुसरा घेतला. मग हात पुढे केला आणि मेजरांनी दुसरी सिगार तिच्या बोटांत दिली. पुन्हा दोन झुरके.

“पहिली परत द्या.”

तिनं पहिली पुन्हा ओढली. ओढणीखाली तिचे ओठ किंचित हलले. हसू होतं ते. पण ते कुणासाठी होतं हे मला तेव्हा कळलं नाही.

“बोला वहिनी. महाग कोणती?”

“कोणतीच नाही,” आई म्हणाली. “दोन्ही सारख्याच. जातही एक आणि किंमतही एक.”

व्हरांडा हसण्यानं भरून गेला. टेबलावरच्या एकानं पत्ते खाली टाकले. मेजरांनी मांडीवर थाप मारली. “अहो वहिनी! एक हाव्हाना, एक दिंडीगल! सारख्याच म्हणे!”

आईनं ओढणी सोडली आणि घडी करून माझ्या हातात दिली.

डॉक्टर हेरेकर हसत नव्हते. त्यांचा चेहरा पडला होता. “वहिनी,” ते म्हणाले, “रघूची सिगार तुम्ही ओळखली नाहीत?”

“ओळखली ना, डॉक्टर. चांगली ओळखली.”

“मग सांगायचं होतं की!”

“सांगितलं.”

माझं तोंड उघडलं होतं. आईनं माझं मनगट धरलं. शाळेत रांगेतल्या मुलीला धरावं तसं, दुखणार नाही पण सुटणारही नाही असं. मेजर अजून हसतच म्हणाले, “जाऊ दे, जाऊ दे. कोण आहे रे तिकडे, दोन सरबत आणा.” आईनं सरबत येईपर्यंत थांबून ते प्यायलं, सगळ्यांना नमस्कार केला, आणि मग आम्ही निघालो.

फाटकाबाहेर आल्यावर मी थांबले.

“तुला कळलं होतं ना पेटीतली कोणती ते?”

“पहिल्या झुरक्यात. वर्षभर काचेत ठेवून खडखडीत वाळलीय. नुसती कागदासारखी जळत होती.”

“मग? तेवढंच सांगायचं होतंस ना! ‘पहिली महाग’ म्हणायचं. ते खूश, सही झाली असती, अण्णांचंही नाव राहिलं असतं.”

आई चालायला लागली. मी तिच्या मागून.

अण्णांच्या हाव्हानाबद्दल जगात तीनच माणसांना माहीत होतं. पोर्तुगीजांच्या वेळी गोव्याच्या एका खाणमालकानं, खटला जिंकल्यावर, त्यांना एक पेटी पाठवली होती. खरीखुरी. ती त्यांनी वर्षभर पुरवली. संपल्यावर कडी टाकवेनात, म्हणून ती पेटीत ठेवली. पुढं कधीतरी धारवाडहून दिंडीगलच्या सिगार आणल्या आणि गंमत म्हणून एकीला कडं चढवलं. जिमखान्यात कुणाला कळलं नाही. उलट वास घेऊन लोक वाहवा करू लागले. मग ते तसंच चालू राहिलं, जवळजवळ तीस वर्षं. कडं खिशात जायचं ते पुन्हा वापरायचं म्हणून. ते चढवायला बोटं लहान लागत, आणि घरात ती माझी होती. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघं बसायचो, अण्णा कड्यावर तोंडाची वाफ सोडायचे आणि मी ते अलगद सरकवायचे. आई पलीकडे वर्तमानपत्र वाचत असायची. “झाल्या का हाव्हाना तयार?” असं वर न बघता विचारायची. अण्णा हसून लाल व्हायचे. ते लबाड माणूस नव्हते. कोर्टात खोटा साक्षीदार त्यांनी कधी उभा केला नाही. पण या एका गोष्टीतून त्यांना बाहेर पडता आलं नाही.

रेल्वे फाटक बंद होतं. आम्ही थांबलो.

“त्यांनी काय विचारलं?” आई म्हणाली. “महाग कोणती, असं विचारलं. पेटीतली कोणती, असं विचारलं असतं तर सांगितलं असतं. खोटं उत्तर देऊन त्या खुर्चीत बसायचं, तर मग अण्णांच्या नंबरावर येत होते तेच काय वाईट होतं?”

“पण ते हसले तुला.”

“हसू देत की.”

“मग कडी दाखवायचीस. सगळं सांगायचं होतंस.”

“आणि हेरेकरांचं काय करायचं? तो माणूस त्या पेटीला नमस्कार करून घरी जातो, वैजू. मला जे विचारलं त्याचं उत्तर मी दिलं. त्यापुढचं अण्णांचं आहे, ते मी त्यांच्या मागे बोलायची नाही. आणि तूही बोलायची नाहीस.” मग थोड्या वेळानं, गाडीचे डबे धडधडत जात असताना, ती माझ्या कानाशी येऊन जवळजवळ ओरडली, “तीस वर्षं मी जिमखान्यात अण्णांच्या शेजारी बसून ‘हो, हाव्हानाच’ म्हणत होते. आज पहिल्यांदा खरं बोलले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!”

फाटक उघडलं. ती माझ्यापुढे झपाझप रूळ ओलांडून गेली.

“आणि अर्जाचं?” मी पलीकडे विचारलं.

“उद्या एका सहीचा अर्ज नेऊन देते. चालणार नाही म्हणतील. म्हणू देत. मग कमिटीपुढे उभं राहून का चालत नाही ते विचारते. उभं राहायला तर सही लागत नाही ना?”

रात्री तिनं मला भाकरी आणि पावट्याची आमटी वाढली आणि कमिटीपुढे काय बोलणार ते म्हणून दाखवलं. मध्येच “हे जरा शाळेतल्यासारखं होतंय” म्हणून एक वाक्य गाळलं.

सकाळी मी बससाठी तयार होत होते. आईनं चहा टाकला होता. भांडं पडल्याचा आवाज आला म्हणून मी गेले, तर ती ओट्यापाशी खाली बसली होती, एक हात ओट्याच्या कडेवर, काहीतरी शोधत असल्यासारखा. तिला माझं नाव घेता येईना. दवाखान्यात डॉक्टर हेरेकर स्वतः धावत आले. दुपारी ती गेली. मेंदूत रक्तस्राव.

घरी बायका आल्या. एकीनं दुसरीच्या कानात धुराबद्दल काही सांगितलं, ते मला ऐकू आलं. मी चहाचे कप उचलून आत नेले.

पुढच्या रविवारी जिमखान्यानं शोकसभा ठेवली. मला जायचं नव्हतं. हेरेकर डॉक्टर न्यायला आले, म्हणून गेले. व्हरांड्यातच खुर्च्या मांडल्या होत्या. आईचा फोटो टेबलावर, त्याला हार. त्याच्या शेजारी अण्णांची पेटी आणून ठेवली होती. कुणी ठेवली कोण जाणे. चांगल्या भावनेनंच ठेवली असणार.

मेजर दळवी बोलायला उभे राहिले. ते मनापासून बोलत होते, हे मी कबूल करते. बाईंची शिस्त, बाईंचा करारीपणा, शहरातल्या किती मुली त्यांनी शिकवल्या. मग त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “आणि वहिनींचा विनोद! गेल्या रविवारीच, याच जागी. आम्ही त्यांना डोळे बांधून रघुवीररावांची हाव्हाना दिली आणि दुसरी साधी दिंडीगल. तर वहिनी काय म्हणाल्या? दोन्ही सारख्याच!” लोक हसले. हळू, सभेत हसावं तसं, प्रेमानं. “पण मी म्हणतो, यातच त्यांचं मोठेपण आहे. या गोष्टी त्यांना कळत नव्हत्या, कळायची गरजही नव्हती. पतीच्या आठवणीसाठी त्या इथं येऊन बसत, धूर सोसत. अशी निष्ठा आता कुठं दिसते? कमिटीनं ठरवलंय की या कपाटावर दोघांचा एकत्र फोटो लावायचा. खाली लिहायचं, ‘ॲडव्होकेट रघुवीर काकतकर आणि त्यांच्या सुविद्य पत्नी’.”

टाळ्या वाजल्या. हेरेकर डॉक्टर डोळे पुसत होते.

मी आईच्या फोटोकडे पाहिलं. शाळेच्या निरोप समारंभातला फोटो होता. त्यात ती कॅमेऱ्याकडे नाही, बाजूला कुणाकडे तरी बघत होती, बहुधा ओळ मोडणाऱ्या मुलीकडे. तिनं मला बोलू नकोस म्हणून सांगितलं होतं. मी तिचं सहसा ऐकत असे. मी अशी मुलगी होते जी पुस्तकं वाचते, मागच्या खुर्चीत बसते आणि कार्यक्रम संपल्यावर कप आत नेते.

“मला बोलायचंय,” मी म्हणाले.

“बोल की, बाळ,” मेजर म्हणाले आणि बाजूला झाले.

मी उभी राहिले. टेबलाची कड धरली. सगळे चेहरे ओळखीचे होते. यांतल्या अर्ध्या लोकांनी मला चॉकलेटं दिली होती.

“अण्णांकडे खऱ्या हाव्हाना एकच पेटीभर होत्या,” मी म्हणाले. “त्या माझ्या जन्माच्या सुमारास संपल्या. त्यानंतर त्यांनी इथं ओढलेली प्रत्येक सिगार दिंडीगलची होती. आईच्या पर्समध्ये असायची तीच. कडी जुनी होती. ती मी चढवत असे.”

कुणीतरी खुर्ची सरकवली. मेजर दळव्यांचा हात आपोआप जाकिटाच्या खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला.

“वैजू,” डॉक्टर हेरेकर हळूच म्हणाले. “रघूचं नाव…”

“अण्णांचं नाव मला तुमच्याइतकंच प्रिय आहे, डॉक्टरकाका. आईलाही होतं. म्हणून ती त्या दिवशी कड्यांबद्दल बोलली नाही. पेटीतली कोणती ते तिला पहिल्याच झुरक्यात कळलं होतं. तेवढं म्हणाली असती तर सही मिळत होती. तिनं तशी घेतली नाही.”

“बाळ,” मेजर म्हणाले. “तू दुःखात आहेस. आपण हे नंतर…”

“नंतर नको. तुम्ही महाग कोणती असं विचारलं होतंत. ती म्हणाली, कोणतीच नाही. सगळे हसलात. आत्ताही हसलात.”

डॉक्टर हेरेकरांनी शाल घट्ट ओढून घेतली. ते माझ्याकडे बघत नव्हते, आणि पुढं पुष्कळ वर्षं बघणार नव्हते, हे मला तेव्हाच कळलं. तरी मी टेबलाची कड सोडली.

“त्या फोटोखाली सुविद्य पत्नी लिहू नका,” मी म्हणाले. “माझी आई जिंकली होती, मेजरसाहेब. तिचं नाव सभासदांच्या फळ्यावर लिहा. तिच्या स्वतःच्या नावानं.”